नवशिक्यांसाठी आयरिश शेजारी

हे मार्गदर्शन आयर्लंडमध्ये नुकत्याच उतरलेल्या मराठी माणसासाठी आहे. व्हिसा, बँकेचं खातं, घरभाडं यांबद्दल इथे काही मिळणार नाही. त्यासाठी व्हॉट्सॅपवर ग्रुप आहेत आणि तिथे रात्री अडीचलाही कुणीतरी जागं असतं. इथे विचार केलाय तो एकाच धोक्याचा, ज्याची कल्पना तुम्हाला कुठलाही एजंट देत नाही. इथली माणसं तुमच्याशी बोलतील. काही काम नसताना बोलतील. बसथांब्यावर, दुधाच्या रांगेत, दवाखान्यातल्या बाकावर, पेट्रोल भरताना. अनोळखी माणूस हसून बोलायला लागला की आपला हात आपोआप खिसा चाचपायला जातो. तो आधी बाहेर काढा.

कोकणातल्या वाचकांनी पहिली काही पानं गाळली तरी चालेल.

हवा

सुरुवात हवेपासून करायची, कारण समोरचा तिथूनच करणार आहे. बाहेर काय पडतंय ते तुम्हा दोघांनाही दिसत असतं, तेव्हा एकमेकांना माहिती पुरवणं हा इथे हेतू नाही. तो म्हणाला, "आज बरंय," की आपण म्हणायचं, "हो, बरंय." तो म्हणाला, "उघडेल असं वाटतं," की आपण म्हणायचं, "उघडेल." मतभेद नोंदवायचा नाही. फोन काढून हवामानाचं अॅप दाखवणं हा तर सरळ सरळ उद्धटपणा. देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर वर्षातले सव्वादोनशेच्या आसपास दिवस पाऊस पडतो, पूर्वेकडे दीडशे. म्हणजे विषय संपायची भीती नाही.

दोन मोह टाळायचे. पहिला आंबोलीचा. आंबोलीला एकट्या जुलैत जेवढा कोसळतो तेवढा डब्लिनला दोन वर्षांत पडत नाही, हे खरं आहे आणि ते आपल्यापाशीच ठेवायचं आहे. समोरचा माणूस भुरभुरीत भिजलेली टोपी झटकत असताना त्याच्या पावसाला पाऊस म्हणायला तयार नसलेला पाहुणा कुणाला हवा असतो? दुसरा मोह विदर्भाचा. सलग पाच दिवस कमाल तापमान २५ अंशांच्या वर गेलं की इथल्या हवामान खात्याच्या लेखी ती उष्णतेची लाट. देशाचा उच्चांक ३३.३ अंश, तोही किल्केनीत १८८७ साली नोंदलेला. अशा लाटेच्या दिवशी चंद्रपूरकराने स्वेटर काढून हातावर घ्यायचा, कपाळ पुसायचं आणि "फारच होतंय" एवढंच म्हणायचं. "आमच्याकडे मे महिन्यात सेहेचाळीस…" असं वाक्य सुरू केलंत तर ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं जाईल, योग्य तिथे डोळेही विस्फारले जातील. पण त्यानंतर समोरचा तुमच्याशी उन्हाबद्दल पुन्हा बोलणार नाही, आणि जुलैत दुसरं बोलण्यासारखं असतं काय?

रस्ता

"कसे आहात?" हा प्रश्न इथे चालता चालता टाकतात आणि टाकणारा उत्तरासाठी थांबत नाही. नवशिके थांबतात. गुडघ्याचं सांगायला घेतात, आणि वर बघतात तर माणूस रस्त्यापलीकडे पोचलेला. करायचं ते असं : तोच प्रश्न त्याला परत करायचा, पावलाचा वेग तसाच ठेवायचा. दोघांनी विचारलं, कुणीच सांगितलं नाही, दोघंही खूश.

बसमधून उतरताना चालकाचे आभार मानायचे. त्याने ब्रेक मारून तुम्हाला खांबावर आपटलं असेल तरी मानायचे. शाळेतली वांड पोरंसुद्धा मानतात. मधल्या दाराने उतरणारे तिथून ओरडून मानतात. चालकाने ऐकलं की नाही ते बघत थांबायचं नाही. मागच्यांचे आभार खोळंबतात.

गावाकडे गाडी चालवणार असाल तर बोटाचा सराव घरीच करा. अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली की तिचा चालक स्टिअरिंगवरून तर्जनी उचलतो. तर्जनीच. मनगट हलत नाही, चेहरा तर नाहीच नाही. ओळख असो वा नसो. उत्साहाच्या भरात नवशिका अख्खा हात हलवतो. समोरच्याला वाटतं आपलं चाक निखळलं असावं, तो गाडी बाजूला घेऊन उतरतो, आणि मग अर्ध्या तासाची निश्चिंती. दुसरं कुठलं बोट उचलू नये हे वेगळं सांगायला नको.

वाट विचारायची वेळ आता खरं तर येऊ नये. २०१५ साली इथे एअरकोड आले, प्रत्येक घराला स्वतःचा सात अक्षरांचा. त्याआधी गावाकडे कितीतरी घरांचा पत्ता शेजाऱ्यांच्या पत्त्याहून वेगळा नसे आणि पत्र कुणाचं ते पोस्टमनला नावावरून कळे. फोनमध्ये एअरकोड टाकला की गाडी आता थेट दारात जाते. तरी फोन खिशात ठेवून एकदा विचारून बघा. पूर्वी दूध डेअरी होती तो कोपरा, वादळात पडलेल्या झाडाची जागा, बंद पडलेला पब, अशा खुणांवर तुम्हाला पाठवलं जाईल. यांतलं काहीच तिथे दिसणार नाही. पोचाल मात्र.

चौकशी

हा भाग अवघड आहे, सावकाश वाचा.

मालवणी माणूस "तू खंयचो?" इथून निघतो आणि चौथ्या प्रश्नाला तुमच्या आजोळात शिरतो. तुम्हाला कळत असतं की आपली उलटतपासणी चालू आहे. आयरिश शेजारी प्रश्नच विचारत नाही. तो स्वतःबद्दल एक साधी गोष्ट सांगतो आणि गप्प बसतो. "आमची धाकटी ऑस्ट्रेलियात असते. पर्थला. नर्स आहे." मग कुंपणाकडे बघत उभा. ही शांतता मराठी माणसाला सोसत नाही. माझीही बहीण बाहेरच असते, असं आपण म्हणतो. कुठे, काय करते, नवरा काय करतो, हे पाठोपाठ येतं. दहा मिनिटांत त्याला तुमची नोकरी, कंपनी, साधारण पगार, घरभाडं, बायकोची नोकरीची खटपट आणि सासूचा व्हिसा एवढं सगळं ठाऊक झालेलं असतं. तुमच्या हाती काय लागलं? धाकटी पर्थला असते. ते गावातल्या कुत्र्यालाही माहीत आहे.

बोलण्याच्या बाबतीत ही माणसं कर्णाच्या वंशातली आणि माहितीच्या बाबतीत मारवाड्याची चोपडी, हे एकदा ध्यानात घेतलं की पुढचं सोपं जातं. उपाय एकच. तुम्हीही एक गोष्ट सांगा आणि गप्प बसा. दोघं मिळून कुंपणाकडे बघा. पहिल्यांदा जड जाईल. पण तो तुमच्याकडे कौतुकाने बघू लागेल, आणि वर्षभरात केव्हातरी पर्थवालीचं तिथल्या एका गवंड्याशी जमल्याचं तुम्हाला त्याच्याकडून कळेल. तोवर तुम्ही शेजारी झालेले असाल.

तुम्ही भारतातले हे कळलं की दोन गोष्टी होतील. पहिली, तुम्हाला केरळचं समजलं जाईल. २०२२ च्या जनगणनेत इथे ४५,४४९ भारतीय नागरिक मोजले गेले, आणि आयरिश माणसाची भारताशी भेट बहुधा इस्पितळात होते. तिथे त्याच्या आईची उशी नीट करणारी नर्स कोट्टयमची असते. तेव्हा केरळची म्हणून तुम्हाला मिळणारी माया गुपचूप घ्यायची, "नाही, महाराष्ट्र" हे पुढच्या भेटीत सांगायचं. दुसरी गोष्ट म्हणजे लिओ. लिओ वराडकर २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ इथले पंतप्रधान होते, ज्यांना इथे टीशॉक म्हणतात. वडील डॉक्टर, मालवण तालुक्यातल्या वराडचे. आई इथलीच, वॉटरफर्ड काउंटीतली. डिसेंबर २०१९ मध्ये ते वराडला जाऊनही आले. तुमचं आडनाव 'कर'ने संपत असेल तर नातं काय, हे विचारलं जाणारच. नाही म्हटलंत तर कुणाचा विश्वास बसत नाही. हो म्हटलंत तर घरांच्या टंचाईचा जाब तुम्हालाच द्यावा लागेल. "आमच्या गावापासून लांब आहे ते," हे उत्तर दोन्ही बाजूंनी सुरक्षित. स्तुतीही करायची नाही आणि निंदाही. चहा कुणाच्या घरी पिताय ते अजून तुम्हाला ठाऊक नाही.

चहा

परदेशात लोक सरळ बोलतात, हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही, असं तुम्हाला निघताना कुणीतरी सांगितलेलं असतं. सांगणारा हॉलंडला राहून आलेला असतो. तो सल्ला तिकडेच ठेवा.

शेजारच्या ऐंशी वर्षांच्या बाई तुम्हाला बोलावतील. मागच्या दाराने जायचं. पुढचं दार पाद्री, पोलीस आणि मतं मागायला येणारे यांच्यासाठी असतं. बूट काढायला वाकाल, तर राहू दे राहू दे असा कल्लोळ होईल. एक काढलेला असेल तर परत घालायचा. त्यांना नावाने हाक मारायची, आणि इथेच मराठी जीभ अडते. आजी म्हणता येत नाही, काकू म्हणता येत नाही, 'मिसेस' लावलं तर त्या मागे वळून आपली सासू आली की काय ते बघतात. मेरी तर मेरी. मनातल्या मनात पुढे 'आजी' जोडा, कुणाला ऐकू जात नाही.

मग हे असं व्हायला हवं :

"चहा घेणार?"

"नको, आत्ताच झाला."

"अर्धा कप?"

"नको, खरंच नको."

"किटली ठेवलेलीच आहे गं."

"बरं, असेल तर थोडासा."

पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा हावरट ठरतो, चौथ्यांदाही नाही म्हणणारा आजारी. नव्वदच्या दशकात 'फादर टेड' नावाची विनोदी मालिका गाजली, तिच्यातली मिसेस डॉयल आल्यागेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नाही; इथे प्रत्येकाच्या नात्यात अशी एक तरी बाई निघते. आपल्याकडे हाच खेळ रोज होतो, तरी नवशिके गोत्यात येतात ते उलट्या बाजूने. मेरीआजी तुमच्याकडे येतात, चहा विचारल्यावर "नको गं, तुला कशाला त्रास" म्हणतात, आणि तुम्ही हॉलंडवाल्याचं ऐकून गॅस बंद करता. त्या विसेक मिनिटं कोरड्या घशाने बसतात, घराचं कौतुक करतात, निघून जातात. गावात पुढे काय सांगितलं जातं ते तुमच्यापर्यंत कधीच येणार नाही.

किटलीवर लोकरीची टोपी असते. चहा काळाकुट्ट होईपर्यंत मुरवतात, दूध भरपूर. सोबत सोडा घालून भाजलेला काळपट ब्रेड आणि त्यावर लोणी. लोणी लावत नाहीत, ठेवतात. दातांचे ठसे उमटतील इतकं. कमी करायला सांगू नका. घरात बॅरीज आहे की लायन्स ते डब्यावर बघून ठेवा. बॅरीज कॉर्कचा, १९०१ पासूनचा. लायन्सवाल्या घरात बॅरीजचं पाकीट भेट नेणं हे घराण्यात ढवळाढवळ करण्यासारखं आहे. त्यापेक्षा शंकरपाळे न्या, वाद नाही. चिवड्याला मात्र "तिखट नाही" असं म्हणून पुढे करू नये. ते खोटं असतं आणि मेरीआजी डोळ्यांतून पाणी काढत तो संपवतील.

आपला आलं घालून उकळलेला चहा त्यांना पाजलात की "छान" असं येईल. त्या शब्दावर जाऊ नका. दुसरा कप मागितला तर छान.

पब

दारूला नाही म्हटलेलं इथे चालतं. हे चहाच्या प्रकरणानंतर खरं वाटणार नाही, पण तसं आहे. डब्लिनमध्ये १८९८ साली एका पाद्र्याने दारू न पिणाऱ्यांची पायोनियर संघटना काढली. आजन्म न पिण्याची शपथ घेतलेले तिचे सभासद कोटाला छोटी पिन लावत, आणि माळकऱ्याला जसा आपल्याकडे कुणी आग्रह करत नाही तसं पिन दिसली की कुणी ग्लास पुढे करत नसे. पिना आता फारशा दिसत नाहीत, पण ती समज गावात टिकून आहे. मी घेत नाही, एकदाच सांगायचं, कारण सांगायचं नाही. डॉक्टरांनी बंद केलीय म्हणालात तर अख्खा पब तुमच्या यकृताची काळजी करत बसेल.

जे चालत नाही ते टीटीएमएम. चौघं बसले की एक जण उठून चौघांचं आणतो, मग दुसरा. पाळ्या कुणी मोजत नाही आणि प्रत्येकाला पाठ असतात. तुम्ही संत्र्याचा ज्यूस पीत असलात तरी पाळी आली की चौघांचं आणायचं. ज्यूसचे पैसे वेगळे काढून देणाऱ्याबद्दल पुढची दहा वर्षं बोललं जातं, प्रेमाने, पण बोललं जातं. आपली पाळी यायच्या आत लोकल पकडल्यासारखं निघायचं नाही. गिनेस मागवली तर ती दोन टप्प्यांत भरतात, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ११९.५ सेकंदांत. पहिल्या टप्प्यानंतर ग्लास काउंटरवर निवळत असतो, त्याला हात लावायचा नाही. शाकाहाऱ्यांसाठी : बिअर नितळ करायला पूर्वी माशाच्या पोटातल्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरत; आता ते बंद झालंय. चातुर्मासाचं तुमचं तुम्ही बघा.

एक गोष्ट पुस्तिकेबाहेरची

२०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिन आणि आसपास भारतीयांवर लागोपाठ हल्ले झाले. भारतीय दूतावासाने १ ऑगस्टला सूचना काढली, निर्जन ठिकाणी आणि अवेळी जाऊ नका म्हणून. त्या महिन्यात ठरलेला इंडिया डेचा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मायकेल हिगिन्स यांनी निवेदन काढून निषेध केला. मनमिळाऊ शेजाऱ्यांबद्दल लिहिताना हे वगळलं तर लेखन गोड होईल, पण उपयोगाचं राहणार नाही. रात्री उशिरा टोळक्याने उभी असलेली पोरं दिसली तर बोटाबिटाचा सराव करू नका, वाट बदला.

शेजारी हा विषय स्वतःहून काढतात. ओशाळून काढतात, आवाज खाली गेलेला असतो. त्यांची सुटका करायला आपण लगेच म्हणतो, "जाऊ द्या हो, सगळीकडेच असतं." म्हणू नका. भीती वाटली असेल तर वाटली म्हणून सांगा. हवेसारखा हा विषय नाही, इथे त्यांच्या "हो"ला आपलं "हो" जोडण्याची गरज नाही.

निरोप

फोन ठेवताना 'बाय' एकदा म्हणत नाहीत. पाच-सहा वेळा, एकाला एक लागून, फोन कानापासून लांब जात असतानाही चालूच. एकदाच म्हणून ठेवलात तर पलीकडचा रागावलात का म्हणून परत फोन करेल. समोरासमोर असाल तर मांडीवर थाप मारून "चला" म्हणायचं आणि बसून राहायचं. नंतर उठून, दारात, मग गाडीच्या काचेशी. मराठी माणसाला उंबरठ्यावरच्या गप्पांचं वेगळं शिक्षण लागत नाही, म्हणून पुढे जाऊ.

मयत

हा वरच्या वर्गाचा धडा आहे, पण तो लवकर लागेल.

इथे कुणाच्या जाण्याला माणसं जमतात ती आपल्यालाही अवाक करतात. गावातल्या रेडिओवर मृत्यूच्या बातम्या वाचतात, आणि आरआयपी डॉट आयई नावाचं संकेतस्थळ लोक चहाबरोबर उघडतात. २०२४ मध्ये ते आयरिश टाइम्स समूहाने विकत घेतलं, यावरून काय ते समजा. मेलेल्याची ओळख असायलाच हवी असं नाही. सहकाऱ्याचे वडील, मुलाच्या शिक्षिकेची आई, पुरे. शेजाऱ्याने आदल्या संध्याकाळी "तू येतोयस ना?" असं विचारलं तर ती विचारणा नसते, गाडीत जागा ठेवल्याचं सांगणं असतं.

रांगेत उभं राहायचं. पुढच्या बाकावर घरची माणसं बसलेली असतात, प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा, "वाईट झालं" एवढंच म्हणायचं आणि पुढे सरकायचं. वाक्य सजवायचं नाही. तुमच्यामागे दोनशे माणसं आहेत. रस्त्यात शवयात्रा आडवी आली तर गाडी थांबवायची. मेयो काउंटीत तर थांबवायचीच. मेयोच्या संघाने १९५१ साली गेलिक फुटबॉलचं ऑल आयर्लंड जिंकलं आणि परतताना फॉक्सफर्ड गावात अंत्ययात्रेसाठी थांबले नाहीत. तिथल्या पाद्र्याने शाप दिला, या संघातला शेवटचा माणूस जिवंत असेपर्यंत मेयो पुन्हा जिंकणार नाही, अशी कथा आहे. त्यानंतर मेयो फायनलमागून फायनल हरत गेलं. २०२१ च्या सप्टेंबरात आणखी एक हरलं, आणि दोन आठवड्यांनी १९५१ च्या संघातला शेवटचा खेळाडू वारला. शापबिप काही नव्हतं, हे मेयोतला प्रत्येक जण तुम्हाला सांगेल. थांबलेल्या गाडीत बसूनच सांगेल.

दफनानंतर हॉटेलात सगळ्यांना जेवण. तुम्हालाही बोलावतील आणि इथे नको-नकोचा खेळ खेळायचा नाही, सरळ जायचं. सूप बहुधा भाज्यांचं असतं, पण कोंबडीच्या पाण्यात केलेलं असू शकतं, तेव्हा विचारून घ्या. वाईट वाटत नाही कुणाला. सँडविचच्या ताटात हॅम वर असतं, अंड्याचं खाली. शेजारी बसलेला म्हातारा गेलेल्या माणसाने त्याला ट्रॅक्टर विकताना कसं फसवलं होतं ते सांगायला लागेल, आणि सगळं टेबल हसेल. तुम्हीही हसा. मृताची मुलगी पलीकडून बघत असेल तर ती उठून इकडे येईल, खुर्ची ओढेल आणि म्हणेल, नाही नाही, तो ट्रॅक्टर मुळात माझ्या मामाचा होता.